टिचकी सर

ऱ्हस्व-दीर्घ माझे चौथीतही चुकायचे आणि पुढे शाळाच सुटली. अक्षर तर दुकानात काम करणाऱ्या पोरांना कोंबडीच्या पायांसारखं वाटायचं. या वहीने तेवढं सांभाळून घ्यावं. सर गेल्या महिन्यात गेले. त्यांच्याविषयी बोलावं असं माझ्याजवळ कुणी नाही, म्हणून लिहिते.

कर्वेनगरात त्यांचं शर्यतीच्या सायकलींचं दुकान होतं. झाडलोट आणि चहा माझ्याकडे. नवी सायकल खोक्यातून निघाली की सर तिला कान लावायचे. नळीवर नखाने टिचक्या मारत पुढून मागे सरकायचे. या सायकली लोखंडाच्या नसतात, कार्बनचे थर कापडासारखे एकावर एक चिकटवून केलेल्या असतात. थर नीट बसले असतील तर टिचकी टणक वाजते. आत पोकळी राहिली असेल तर आवाज बसका येतो. ऐकून ऐकून मलाही तो फरक कळायला लागला होता. पोरांनी त्यांचं नावच टिचकी सर ठेवलं.

एखादं गिऱ्हाईक वैतागायचं. "सर, कंपनीतून तपासूनच येते ना?"

"येते की. लग्नंसुद्धा बघूनच ठरतात," सर म्हणायचे आणि पुढची टिचकी मारायचे.

चाक मधोमध बसलंय का, हँडल वळताना अडतं का, नळीच्या आत सुरकुती आहे का, सगळं बघायचे. रंगाखाली फोड दिसला तर सायकल परत खोक्यात. "नव्या वस्तूवर विश्वास कसला? तिने अजून केलंय काय?" माणसांनाही त्यांचा हाच नियम. मला दुकानाची किल्ली द्यायला त्यांनी बरेच महिने घेतले. दिली तेव्हा म्हणाले, "अहो मंगलबाई, हरवलीत तरी हरकत नाही. आत गिऱ्हाईक तरी कुठे येतंय!"

शेवटी शेवटी ते प्रत्येक गोष्टीला "काय?" म्हणायचे. आम्हाला वाटायचं, खोचकपणे म्हणतात. पुण्यात कुणी "काय?" म्हटलं तर त्याला ऐकू आलं नसेल असं मनातही येत नाही.

सायकल नेताना तिला कुंकू लावायचं काम माझं. ओंकार नावाचा आयटीतला मुलगा आपली सायकल न्यायला आईला घेऊन आला होता. पैसे त्याने आधीच भरले होते, सायकल सरांनी तपासून ठेवली होती. मी पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. पांढऱ्या रंगावर डाग नको म्हणून ओंकारने ते लगेच पुसलं. सगळं निघालं, पण चिमट्याच्या मुळाशी केसाएवढी तांबडी रेघ राहिली. पुन्हा पुसली, तरी तशीच.

सरांनी तिथे टिचकी मारली. "टणक आहे," म्हणाले. मग आमच्या तोंडांकडे बघून त्यांनी मला विचारलं, "बाई, तुम्हाला कसं वाजलं?"

"बसकं, सर," मी म्हणाले. त्यांनी ते दोनदा वदवून घेतलं.

ओंकार म्हणाला, "सर, रंगालाच तडा असेल. रविवारी रेस आहे माझी. चालेल मला."

"सिंहगडाच्या उतारावर कळेलच की रंगाचा आहे का ते. फक्त मला सांगायला तू येणार नाहीस."

ओंकारच्या आईने त्याचा हात सायकलवरून काढला. सरांनी पातं घेऊन तेवढा रंग खरवडला. तडा खाली कार्बनमध्ये गेला होता.

कंपनीचा माणूस आला, त्याने फोटो काढले. रंग दुकानात खरवडलाय, आता दोष आमचा कशावरून, म्हणाला. पैसे द्यायला त्याने नकार दिला. सर त्याच्याशी भांडले नाहीत. त्यांना वेगळीच काळजी लागली होती. कान नक्की कधीपासून गेला? त्या काळात टिचकी मारून किती सायकली त्यांनी चांगल्या म्हणून दिल्या? त्यांनी पोरांना एकेका गिऱ्हाइकाला फोन करायला लावले. सायकल चालवू नका, घेऊन या. पोरं टिचक्या मारायची आणि सर नुसते त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहायचे. आणखी एक बसकी निघाली. त्या दिवशी सर जेवले नाहीत.

असे फोन गेल्यावर नवं गिऱ्हाईक कोण येणार? दुकान बंद झालं. सर मुलीकडे धायरीला राहायला गेले. बसक्या निघालेल्या सायकलींचे पैसे हप्त्यांनी फेडायला अवजारं विकली, मग स्वतःची सायकल विकली. ओंकार म्हणायचा, "राहू द्या सर, चूक कंपनीची आहे." सर म्हणायचे, "कंपनीने तुला चांगली आहे म्हणून सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं."

शेवटचा हप्ता द्यायला आम्ही शनिवार पेठेत त्याच्या घरी गेलो. रस्त्यावर हॉर्न ऐकू येत नाहीत म्हणून मुलीने मला सोबत पाठवलं होतं. ओंकारने पाकीट घेतलं, न मोजताच आईच्या हातात दिलं आणि काहीतरी म्हणाला. सर त्याच्या ओठांकडे बघत राहिले. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

परक्याच्या घरात माझा आवाज कधी निघत नाही. पण मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडले, "फिटले, सर! सगळे पैसे फिटले!"