जहाजाला जोडलेली जमीन

पोराचा फोन आला तेव्हा मी वावरात तुरीच्या पेंढ्यांवर ताडपत्री टाकून राह्यलो होतो. पोरगा पुण्याला नोकरीला. म्हणाला, "अण्णा, तुमचं आन् आईचं जहाजाचं तिकीट काढलंय. मुंबईहून निघायचं, गोवा करत कोचीला जायचं आन् त्याच जहाजानं वापस."

मी म्हणलो, "कामून?"

"कामून म्हणजे? फिरायला."

बरं, मी म्हणलो. पोराला बापाला फिरवायची हौस असली तर बापानं मोडता कामून घालावा. पण त्याचं संपलं नव्हतं.

"आता एकच विचारायचं राह्यलंय. कोचीला उतरून चार दिवसांची जमिनीवरची टूर जोडता येते. बस असते, हॉटेल असतं, सोबत गाइड असतो. मग येताना जहाज न्हाई, रेल्वेनं यायचं. जोडू का नको, ते शनिवारपर्यंत सांगा."

जमीन जोडायची! आमच्याकडं जमिनीला जमीन जोडायला दोन पिढ्या जातात आन् त्यात सख्खे भाऊ तुटतात. इथं शनिवारपर्यंत जोडून मिळत होती.

"तो गाइड काय करतो?" मी विचारलं.

"दाखवतो सगळं."

"काय दाखवतो?"

"जे असंल ते, अण्णा. डोंगर, देवळं, बागा."

"मला दिसतंय की. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेत."

पोरगा हसला आन् फोन ठेवला. मी गमतीनं बोललो नव्हतो. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरानं धरून आणलं त्या दिवसांची. पण तरण्या वयात मी मोसंबीच्या ट्रकवर बसून हैदराबादला गेल्तो. तिथल्या पाट्या मला वाचता येत नव्हत्या. आपल्या तालुक्याच्या मंठ्यातल्याही तेव्हा अक्षर अक्षर जोडून वाचायचो. तरी मंडीत बराबर पोचलो, माल विकला, वापस आलो. रस्ता तोंडानं विचारायचा असतो. ज्याला विचारायची लाज वाटते त्यानं गाइड करावा. पुढं एक माणूस झेंडी घेऊन चाललाय आन् त्याच्या मागं चाळीस शहाणीसुरती माणसं शेळ्यांसारखी, हे मला बिलकुल बघवत न्हाई.

तेव्हा माझ्यापुरता निकाल लागला होता. नको म्हणजे नको.

दुसऱ्या दिवशी बायको चुलीपुढं भाकरी थापून राह्यली होती. तिनं माझ्याकडं न पाहताच म्हणलं, "त्या टूरीत एक बाग हाय म्हणं."

"असंल."

"सूनबाईनं मोबाईलवर फोटो पाठवलाय. वेलीचं फूल हाय. आइस्क्रीमला वास येतो ना, तो त्या फुलाच्या शेंगेचा. तिथं बाया त्याला हातानं क्रॉसिंग करत्यात. आपण कपाशीला करायचो तसं."

"मंग?"

"मंग काही न्हाई. हाय म्हणलं."

पन्नास वर्षांत या बाईनं मला एक साडी मागितली न्हाई. 'हाय म्हणलं' एवढंच तिचं मागणं असतं. मला ते कळलं, पण कळलं असं दाखवणं माझ्या स्वभावात न्हाई. मी म्हणलो, "जे तीस वर्षं उन्हात उभं राहून केलं, तेच बघायला आता दक्षिणेत जायचं? लोक हसतील."

तिनं भाकर पलटली.

क्रॉसिंग म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. आमच्या भागात गावोगाव बियाण्याचे प्लॉट घेतात. कंपनी नराचं आन् मादीचं बी देते, दोन्ही वेगळं लावायचं. दुपारनंतर बायांनी मादीच्या झाडावरची उद्या उमलणारी कळी नखानं सोलायची, आतला नराचा भाग काढून टाकायचा आन् खुणेला लाल कागद लावायचा. सकाळी नराची फुलं तोडून आणायची आन् त्या सोललेल्या कळीवर अलगद फिरवायची. उन्हं चढायच्या आत. वेळ चुकली तर बोंड धरत न्हाई, नख लागलं तर कळी गळते. आमच्या बायकोच्या हाताची कळी गळायची न्हाई. आसपासच्या चार गावांतल्या बाया तिच्या हाताखाली शिकल्या. प्लॉट माझ्या नावावर होता, पण तो तिच्या बोटांवर चालायचा.

एका साली आमच्या प्लॉटवर बस आली. बाहेरगावचे पाहुणे, पंचवीस-तीस, आन् त्यांना दाखवायला कंपनीचा एक माणूस. पांढरे बूट, हातात छडी. बायका ओळीनं कामाला लागलेल्या. त्यानं छडीनं आमच्या बायकोचा हात दाखवला, जसं गुरांच्या बाजारात खूर दाखवतात, आन् म्हणाला, "हा लाल कागद दिसतोय ना, म्हणजे या फुलाचं क्रॉसिंग झालं."

साफ खोटं. लाल कागद म्हणजे कळी नुसती सोलली, क्रॉसिंग उद्या सकाळी.

बायको म्हणाली, "तसं न्हाई, साहेब..."

आन् मी डोळे वटारले. प्लॉट पास करायचा का नापास, हे त्याच माणसांच्या हातात होतं. तिनं खाली मान घातली. पाहुण्यांनी वहीत खोटं लिहून घेतलं. तो छडीवाला पुढं म्हणाला, "या बाया अडाणी आहेत, पण हात सरावलेले आहेत." हेही तिनं ऐकलं, मीही ऐकलं.

त्या दिवसापासून गाइड या जातीवर माझा राग आहे. त्या दिवशी मी काय केलं, त्याचा विचार मी करत न्हाई. करत नव्हतो.

शुक्रवारी मी जालन्याला गेलो. पोरानं तिकीट पुण्यातून काढलं होतं, पण त्या टूरवाल्यांचं एक ऑफिस जालन्यातही होतं. नको म्हणायचं तर तोंडावर म्हणावं, फोनवर काय म्हणायचं. ऑफिसात गारठा सोडलेला, भिंतीवर जहाजाचा फोटो आन् टेबलामागं टायवालं पोरगं.

"या अंकल, बसा."

मी कोणाचा अंकल? पण बसलो.

त्यानं चकचकीत कागद पुढं सरकवला. "अंकल, टूर जोडून टाका. नुसतं जहाज केलं तर कोचीत काही तास मिळतात, काहीच बघून होत नाही. यात सगळं आहे. खाणं, हॉटेल, तिकिटं. तुम्हाला काही म्हणजे काही करायचं नाही."

"काही करायचं न्हाई तर मला नेता कशाला? घरून फोटो पाठवा."

तो हसला. त्याला वाटलं म्हातारा गंमत करतोय.

मी म्हणलो, "ती फुलाची बाग कुठं आहे यात?"

त्यानं बोट ठेवलं. तिसरा दिवस. पाऊण तास, चहासकट, आन् बागेच्या दुकानात खरेदी.

"किती वाजता?"

"तीन वाजता पोचतो आपण."

"फूल किती वाजता उमलतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे फूल. ज्याच्यासाठी नेता ते. उमलतं किती वाजता आन् मिटतं किती वाजता?"

त्या पोरग्यानं कागद उलटून पाह्यला. मग म्हणालं, "अंकल, हा प्रश्न आजपर्यंत कोणी विचारला नाही."

"म्हणूनच विचारून राह्यलो. लाव फोन तिकडं."

त्यानं लावला. इंग्रजीत बोलला, ऐकलं, मान हलवली. फोन ठेवून म्हणाला, "सकाळी उमलतं. दुपारपर्यंत सुकतं."

मी खुर्चीला टेकलो. असं सुख मला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. चाळीस चाळीस माणसं बसमध्ये भरून नेतात, सुकलेलं फूल दाखवतात, वर चहा पाजतात, आन् लोक टाळ्या वाजवून घरी येतात. मी म्हणलो, "बाबा, तुझी बस लई चांगली. माझं काही म्हणणं न्हाई," आन् उठलो. एसटीत मंठ्यापर्यंत मी एकटाच हसत आल्तो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. त्यानं कागद कसा उलटला, कसा फोन लावला, हे दोनदा सांगितलं. ती ऐकून राह्यली. मग म्हणाली, "म्हणजे जाऊनबी दिसणार न्हाई."

"तेच तर सांगून राह्यलो!"

"बरं," ती म्हणाली आन् उठून मोबाईल घेतला. त्यात सूनबाईनं पाठवलेला तो फुलाचा फोटो होता. तिनं तो बोटानं मोठा केला, लहान केला. तिला वाटलं मी बघत न्हाई.

जिंकलेल्या माणसाला भूक लागते म्हणतात. मला त्या दिवशी भाकर गोड लागली न्हाई.

शनिवारी पोराचा फोन आला. "काय ठरलं, अण्णा?"

"जोड," मी म्हणलो.

"आँ? त्या दिवशी तर तुम्ही..."

"जोड म्हणलो ना. पण तिसऱ्या दिवशी आम्ही बसनं येणार न्हाई. आम्ही सकाळीच रिक्षा करून बागेत जाणार. तुमच्या चाळीस जणांना म्हणावं दुपारी या, आम्ही तिथंच भेटू."

"अण्णा, तिथली भाषा येते का तुम्हाला?"

"हैदराबादला येत होती का?"

चुलीपाशी बायकोनं पदर तोंडाला लावला. हसली का काय, मी विचारलं न्हाई.

जहाजाबद्दल सांगण्यासारखं फार न्हाई. सात मजली डबा. माणसं सकाळपासून खात होती आन् मधल्या वेळात पुढं काय खायचं ते बोलत होती. समुद्रावर तरंगणाऱ्या जहाजावर पोहायला हौद केलेला, यावरूनच त्यांच्या अकलेचा अंदाज यावा. मी कठड्याला उभा राहून समुद्र पाह्यला. नजर जाईल तिथवर पाणी, आन् एका वावराच्या कामाचं न्हाई. बायको म्हणाली, "केवढं हाय ओ!" मी म्हणलो, "खारं हाय."

कोचीला आमच्या जमिनीचा गाइड भेटला. ताडमाड पोरगा, हातात पिवळी झेंडी, गळ्यात शिट्टी. पहिले दोन दिवस आम्ही त्या झेंडीमागं चाललो. माझा गुडघा दुखायचा, पण शेळ्यांमध्ये मागं पडायचं न्हाई म्हणून मी सगळ्यांच्या पुढं चाललो. तो देवळापुढं उभा राहून "ये मंदिर है" म्हणायचा. लोक "अच्छा" म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही हॉटेलातून रिक्षा केली. रिक्षावाल्याला फोटो दाखवला, त्यानं मान डोलावली. भाषा संपली.

बागेत एक बाई कामाला लागलेली होती. आमच्या बायकोच्याच वयाची, कमरेला टॉवेल गुंडाळलेला. वेली माणसाच्या उंचीच्या, फुलं फिकी पिवळी, नुकती उमललेली. बायको तिच्यापाशी जाऊन उभी राह्यली आन् नुसती बघत राह्यली, पाच-सात फुलं होईस्तोवर. मग आपली बोटं पुढं केली. त्या बाईनं आधी बोटं पाह्यली, मग तोंड, आन् हातातली काडी तिच्या हातात दिली.

मी फाटकापाशी दगडावर बसलो होतो. तिथून मला दोघींच्या पाठी दिसायच्या. एक मल्याळीत बोलायची, एक मराठीत, आन् दोघी एकमेकींना हुंकार द्यायच्या. मधूनच हसायच्या. कशाला, ते मला आजपर्यंत कळलेलं न्हाई.

दोन तासांनी ती आली तेव्हा घामेजलेली होती. म्हणाली, "एकाच फुलात नरबी हाय आन् मादीबी हाय. मधी पडदा हाय बारीक. काडीनं पडदा उचलायचा आन् अंगठ्यानं दाबायचं. बस्स."

"गळलं का एखादं?"

तिनं माझ्याकडं असं पाह्यलं की मी पुढं विचारलं न्हाई.

तीन वाजता बस आली. झेंडी पुढं, चाळीस जण मागं. आम्ही बाकावर बसलेलो. गाइडनं वेलीवरचं एक फूल वर धरलं. सुकून मऊ पडलेलं. आन् हिंदीत म्हणाला, "ये फूल अभी बंद है. शाम को खिलेगा."

सगळे मोबाईल वर झाले.

बायको बाकावर ताठ झाली. तिनं आधी माझ्याकडं पाह्यलं. तोच तो प्लॉट, तोच लाल कागद, तिला आठवला असंल न्हाईतर नसंल. मी काय केलं तर बुटाची नाडी बांधायला वाकलो. नाडी सुटलेली नव्हती.

"न्हाई," तिचा आवाज आला. "ते सकाळीच उमलून गेलं. आता गळंल. उद्या बाजूची कळी उमलंल, ती बघा."

गाइडला मराठी कळंना. नाशिकचा एक माणूस होता ग्रुपमध्ये, त्यानं हिंदीत सांगितलं. गाइड म्हणाला, "आंटी को कैसे मालूम?" तोवर बायको उठून वेलीपाशी गेली होती. सुकलेलं फूल तिनं चिमटीत धरलं, पडदा कुठं, नर कुठं, सगळं बोटानं दाखवलं. आवाज आधी बारीक होता, मग नव्हता. मी मान वर केली तेव्हा सगळे तिच्याभोवती कोंडाळं करून उभे होते आन् शेवटी त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचं काय, ही माणसं सुकल्या फुलालाही वाजवणार होती.

गाइड घाम पुसत माझ्याकडं आला. "अंकल, आप भी किसान हो ना? आप भी कुछ बताइए."

मी म्हणलो, "प्लॉट तिचा होता. तिला विचार."

त्यानं घड्याळ पाह्यलं आन् शिट्टी वाजवली, कारण पाऊण तास झाला होता. फुलाची वेळ त्याला ठाऊक नव्हती. बसची मात्र पक्की ठाऊक होती.