लगतचा संपूर्ण सखल भाग

शांताराम खांबेट्यांनी दिल्लीतल्या एका मंत्रालयात छत्तीस वर्षं नोकरी केली आणि तेवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एकही ढिसाळ पत्र सुटलं नाही. इतरांचे ड्राफ्ट लाल शेऱ्यांनी रंगून परत यायचे, खांबेट्यांचा थेट सहीला जायचा. त्यांचा एक नियम होता आणि नव्या कारकुनांना ते तो स्वखर्चाने चहा पाजून शिकवत. सरकारकडे सोळा आणे मागावेत, तेव्हा कुठे चार आणे पदरात पडतात. चारच मागितले तर हाती भोपळा. या नियमाने त्यांची नोकरी तारून नेली आणि म्हातारपणी त्यानेच त्यांचा घात केला.

निवृत्त झाल्यावर, नव्याण्णव साली, आर. के. पुरमचं क्वार्टर सोडून ते आणि पत्नी हेमलताबाई द्वारकेच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. तेव्हाची द्वारका म्हणजे अर्धवट बांधलेल्या इमारती आणि त्यांच्यामध्ये उरलीसुरली शेतं. नीलगाई भर रस्त्यात उभ्या राहून स्कूटरवाल्यांची वाट अडवत. सोसायटीच्या मागे, रस्ता ओलांडला की, एक मोठी सखल जागा होती. तिच्यात बारा महिने पाणी असे आणि त्या पाण्यात सारसांची एक जोडी राहत असे. माणसाच्या छातीला लागतील एवढे उंच, राखी अंगाचे, लाल डोक्याचे. खांबेटे रोज सकाळी मफलर गुंडाळून त्यांना बघायला जात आणि रविवारी बंगलोरला लेकीला फोनवर सगळा वृत्तांत देत. आज दोघं नाचले, आज पिल्लू दिसलं, आज कुत्र्यांना हाकललं.

या फोनमागे जुनं दुखणं होतं. स्वरूपा लहान असताना पक्ष्यांसाठी वेडी होती. वर्तमानपत्रांतली चित्रं कापून तिने एक वही भरली होती. सुलतानपूरचं पक्ष्यांचं तळं घरापासून दीड तासावर. हिवाळा लागला की तिचं टुमणं सुरू व्हायचं, "बाबा, या वेळी नेणार ना?" आणि खांबेटे म्हणायचे, "नेतो, एवढं अधिवेशन संपू दे." हिवाळी अधिवेशन संपलं की संसदेतल्या प्रश्नांची उत्तरं, ती संपली की बजेट, आणि बजेट संपेतो पक्षी आपापल्या देशी परतलेले. सांगलीहून आलेल्या पाहुण्यांना कुतुबमिनार दाखवायला मात्र त्यांना रजा मिळे. पाहुणा नाराज झाला तर गावभर बोभाटा होतो. पोरगी नाराज झाली तर मुकाट्याने झोपते. पुढे तिने विचारणं सोडलं. मग कॉलेज, मग कॉम्प्युटरची नोकरी. बापलेकीचं बोलणं "तब्येत?" "ठीक" इतक्यावर आलं.

सारसांनी ते पुन्हा सुरू केलं. एका रविवारी तीच म्हणाली, "बाबा, मला दाखवाल ना हे?" त्या दिवशी खांबेटे दोन पोळ्या जास्त जेवले. देवाने दुसरी संधी दिली, ही काही वाया घालवायची नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

दोन हजार सहाच्या जानेवारीत योग आला. गुडगावला तिच्या ऑफिसचं काम निघालं, शुक्रवारी रात्री ती घरी आली. शनिवार मोकळा, संध्याकाळी परतीचं विमान. खांबेटे नेमके खोकल्याने बारा दिवस घरात पडून होते. हेमलताबाईंनी बाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं आणि धुक्यापायी बाल्कनीतून समोरची इमारतही दिसत नव्हती. पण शनिवारी सकाळी ते कुणाचं ऐकायला तयार नव्हते.

"हळू बोल हं तिथे," रस्ता ओलांडताना त्यांनी लेकीला बजावलं. "नर जरा तापट आहे."

रस्त्यापलीकडे पत्र्यांचं कुंपण लागलं होतं. फटीतून आत गेले तर पाणी नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत मातीचे ढीग, आणि त्यांच्यामधून एक ट्रक मागे मागे येत होता. एक पक्षी तेवढा डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होता.

"याला मराठीत काय म्हणतात बाबा?"

"टिटवी."

"अच्छा, टिटवी. विसरलेच होते मी." ती चहूकडे बघत राहिली. "आणि ते दोघं?"

खांबेट्यांनी ट्रकजवळच्या मुकादमाला विचारलं, "भाई, यहाँ सारस थे?"

"थे जी. तीन-चार दिन खड़े रहे मिट्टी पर. फिर चले गये."

कुंपणावर पाटी होती: "सेक्टरवासियों की मांग पर भूमि भराव एवं पार्क का विकास." ती वाचता वाचता खांबेट्यांना आपणच लिहिलेला अर्ज आठवला.

मागच्या पावसाळ्यात सोसायटीत डेंग्यूचे तीन रुग्ण निघाले होते. जनरेटरच्या मागे भिंतीलगत एक डबकं साचत असे. तेवढं बुजवून मिळावं म्हणून अर्ज करायचं ठरलं आणि अध्यक्ष म्हणाले, "खांबेटे साहब, चिट्ठी तो आप ही लिखेंगे." खांबेटे खुलले. कितीतरी वर्षांनी कुणी ड्राफ्ट मागितला होता! त्यांनी डबक्यावर एक नेटका परिच्छेद लिहिला आणि मग, हाताला लागलेल्या सवयीने, पुढे जोडलं, "तसेच लगतचा संपूर्ण सखल भाग." सोळा आणे. कागदावर तो नुसता सखल भाग होता. सारस त्यात कुठेच नव्हते. रोज सकाळी आपण जातो ती हीच जागा, हे लिहिणाऱ्या हाताला सुचलंच नाही. वर एकामागून एक तीन रिमाइंडर. आणि जन्मात एकदाच सरकारने सोळाच्या सोळा आणे दिले. जनरेटरमागचं डबकं मात्र अजून जिथल्या तिथे होतं.

"कोण लोक असतात यार हे?" स्वरूपा चिडून म्हणाली. "पाणी दिसलं की बुजवा! कुणीतरी चांगलं खुर्चीत बसून चिट्ठी लिहिली असणार."

"लिहिली असेल," खांबेटे म्हणाले.

"आपण सुलतानपूरला जाऊ या का?" थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं. "आत्ता टॅक्सी बोलावतो."

"चारला निघायचंय बाबा मला. आणि तुमचा खोकला बघा. राहू दे."

घरी आल्यावर ते स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. पाणी बुजवल्याचं लेकीकडून कळलं होतं, पुढचं हेमलताबाईंना सांगावं लागलं नाही. ते पत्र पोस्टात टाकण्याआधी त्यांना दोनदा वाचून दाखवलं होतं.

"सांगून टाका तिला," पोळी उलटत त्या म्हणाल्या. "लेक आहे ती. तुमची अंडर सेक्रेटरी नाही."

जेवणं झाली. धुकं विरून बाल्कनीत ऊन आलं होतं. स्वरूपा संत्रं सोलत बसली होती. खांबेट्यांनी सोसायटीची फाइल आणून तिच्या मांडीवर ठेवली. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती, आणि कागद पुढे करायची सवय जन्माची.

तिने पहिलं पान वाचलं. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. मग तिने पुढची पानं उलटली.

"तीन रिमाइंडर?"

"हो."

"तेवढ्यात काम झालं?"

"पाच महिन्यांत."

"अच्छा." तिने फाइल मिटली आणि तिची नाडी बांधली, लहानपणी त्यांनीच शिकवली होती तशी, घट्ट आणि एका ओढीत सुटणारी. "मी तर नऊ हिवाळे रिमाइंडर दिले होते, बाबा."

आवाजात राग नव्हता. राग असता तर खांबेट्यांना बरं वाटलं असतं. जे चार पत्रांत एका आंधळ्या कचेरीने ऐकलं, ते घरातल्या घरात नऊ वर्षं त्यांना ऐकू आलं नव्हतं.

"चुकलं गं माझं," ते म्हणाले.

छत्तीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या एकाही ड्राफ्टमध्ये आलं नव्हतं, त्यामुळे त्याच्यापुढे काय लिहितात ते त्यांना ठाऊक नव्हतं. स्वरूपाने संत्र्याच्या दोन फोडी त्यांच्या तळहातावर ठेवल्या आणि ती बॅग भरायला उठली. चारला खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला, तेव्हाही त्या फोडी त्यांच्या हातातच होत्या.