गुलाबाईचा बंद डबा

धुळ्याच्या माणसाला पत्ता विचारला की तो आकडा सांगतो. गल्ली नंबर अमुक, डाव्या हाताचं तिसरं घर. माझी पहिली दहा वर्षं अशा एका आकड्यात गेली. त्यामुळे वडिलांची बदली जळगावला झाली आणि तिथे कुणीतरी "पेठेत या, तेलाच्या घाण्यामागे, कडुलिंबाच्या जरा अलीकडे" असा पत्ता दिला, तेव्हा हे गाव मला फारच अघळपघळ वाटलं. कडुलिंब पेठेत चार होते.

आता मी पुन्हा धुळ्यात आहे, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. पांझरेच्या काठाने संध्याकाळी चालताना जळगावची आठवण येते, हे मी इथे कुणाला सांगत नाही. धुळेकरांना ते आवडत नाही. पण जळगावातल्या मेहरूणची बोरं धुळ्यात मिळत नाहीत, आणि जी मिळतात ती मेहरूणची म्हणून विकली जातात. थंडीत कुणाच्या तरी शेतात काड्यांवर वांगी भाजून केलेलं भरीत, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि कांद्याची पात, हे इथेही होतं. फक्त ते आपल्याकडेच पहिल्यांदा सुरू झालं असं दोन्ही गावं शपथेवर सांगतात. मी त्या भांडणात पडत नाही. बोलायचं नसेल तर तोंडात भाकरीचा घास असलेला बरा.

पण जळगावची मला सगळ्यात जास्त आठवण येते ती आश्विनात, गुलाबाईच्या दिवसांत.

भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर घरोघरी मातीची गुलाबाई आणि तिचा नवरा गुलोजी बसलेले असायचे. संध्याकाळी गल्लीतल्या मुली जमून प्रत्येक घरी जायच्या आणि टाळ्यांवर गाणी म्हणायच्या. गाणी म्हणजे माहेरची लाडीगोडी आणि सासरच्या तक्रारी. म्हणणाऱ्यांचं वय मात्र पाटीवर शुद्धलेखन गिरवायचं. गाणी संपली की यजमानीण मुलगी झाकण घट्ट लावलेला डबा आणायची. आत काय खाऊ आहे ते ओळखायचं. डबा हलवून बघायचा, पण उघडायचा नाही, नाकाशी न्यायचा नाही. "गोड का तिखट?" एवढं विचारता यायचं. अगदीच अडलं तर एक खूण मागायची. तरीही जमलं नाही तर सगळ्यांनी "हरलो" म्हणायचं, मगच झाकण निघायचं. आमच्या पेठेत आणखी एक रीत होती. जिचा खाऊ ओळखला जाणार नाही, तिला दुसऱ्या दिवशी पहिलं गाणं उचलायचा मान.

मी या सगळ्यात होते, पण उंबऱ्याजवळ, चपलांच्या शेजारी. मी इंग्रजी शाळेत जात असे आणि माझ्या पायात मोजे असत; गल्लीच्या हिशेबात तेवढं पुरे होतं. समोरच्या कापड दुकानदारांची मोठी मुलगी सगळ्यांची पुढारी होती. तिच्या घरी मारवाडी बोलत, पण बाहेर तिची मराठी माझ्यापेक्षा पक्की. तिने पहिल्याच दिवशी माझं नाव ठरवलं. "या मॅडम, बसा मॅडम. तुम्ही नुसत्या टाळ्या वाजवल्या तरी चालेल."

मी टाळ्या वाजवत असे. डबा फिरत फिरत माझ्यापर्यंत येईपर्यंत बहुतेक खाऊ ओळखला गेलेला असायचा. खरं म्हणजे मला तो आधीच कळलेला असे. बाकीच्या मुली डबा कानाशी धरून ऐकायच्या. मी घर बघत बसायचे. कोपऱ्यात तळणीची कढई पालथी घातलेली, यजमानीण काकूंच्या बोटांना बेसन लागलेलं, सुपात राजगिऱ्याचे चुकार दाणे. डब्याकडे बघायची गरजच नसे. पण तोंडून शब्द फुटत नसे. कुणीतरी ओरडायचं, "राजगिऱ्याची वडी!", सगळ्या हसायच्या, आणि मी मनातल्या मनात पहिली यायचे. मनातल्या पहिल्या नंबराला खाऊचा मोठा तुकडा मिळत नाही.

मला त्या घोळक्यात बसायचं होतं. सतरंजीवर, गुडघ्याला गुडघा लावून. यासाठी काय करावं लागतं ते मला ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं तर बोलावं लागलं असतं.

मग आमच्या घराची पाळी आली.

त्याच आठवड्यात शेजारच्या अक्कांनी आम्हाला केळ्यांचा एक अख्खा घड पाठवला होता. अक्का मूळच्या दोंडाईच्याकडच्या, बोलणं तिकडचं, अहिराणी. पण लेक केळीच्या बागांच्या सावद्याला दिलेली, म्हणून केळी सावद्याची. वडिलांनी तो घड पुढच्या खोलीत आढ्याच्या कडीला टांगला. आई त्याच्याकडे रोज काळजीने बघायची, कारण केळी पिकायला लागली की सगळी एकदमच पिकतात. धुळ्यात आमच्या घरी केळी डझनाने यायची, तीही एकादशीला किंवा कुणाला ताप आला तर. घरात अख्खा घड म्हणजे मला श्रीमंती वाटली.

"खाऊला काय करू या?" आईने विचारलं.

"केळी," मी म्हणाले.

आईलाही ते पटलं. तीही धुळ्याचीच. तिने केळ्यांच्या चकत्या केल्या, वर साखर आणि वेलचीची पूड घातली आणि पितळी डबा गच्च भरला.

संध्याकाळी मुली आल्या. अक्काही येऊन दारात बसल्या. गाणी झाली. मी डबा पुढे ठेवला आणि ओढणी नसूनही ती सावरल्यासारखे हात केले.

"गोड का तिखट, मॅडम?" पुढारीने विचारलं.

"गोड."

तिने डबा हलवला. कानाशी धरून पुन्हा हलवला. "वाजतच नाहीये."

"शिरा!"

मी मान हलवली.

"पुरण! खोबऱ्याची वडी!"

"शंकरपाळी!"

"शंकरपाळी वाजली असती गं, वेडे."

"केक असेल," एक बारकी म्हणाली. "त्यांच्या शाळेत केकच खातात." यावर सगळ्या इतक्या हसल्या की गुलोजी पाटावर डुगडुगला.

"बरं, खूण सांगा," पुढारी म्हणाली.

"झाडाला लागतं."

इथे मला वाटलं, संपलं. आता ओळखणार. कारण त्या बसल्या होत्या त्याच्या बरोबर वर, कडीला, उरलेला घड लोंबत होता. अर्धा पिवळा, अर्धा हिरवा, एवढा मोठा की उंच मुलीच्या डोक्याला लागला असता. घरभर वासही होता. पण वासाचं कुणाला काय? त्या गावात घराघरात केळी पिकत घातलेली असायची. तो वास त्यांच्या लेखी हवेचाच होता.

"सीताफळ!"

"पेरू!"

"बोरं!"

"आत्ता कुठली बोरं? थंडी तरी पडू दे."

"आंब्याची पोळी! झाडालाच लागतो ना आंबा?"

अक्कांनी एकदा घडाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला.

शेवटी पुढारीने डबा खाली ठेवला. "हरलो बाई," ती म्हणाली, आणि मागून सगळ्या म्हणाल्या, "हरलो!"

मी झाकण काढलं. सगळ्या डब्याकडे अशा बघत होत्या, जसं काही आत पाणी आहे.

"केळं?" पुढारी म्हणाली.

"केळं काय खाऊ असतो?"

"आमची म्हैस खाते."

"हे धरायचं नाही," पुढारीने निकाल दिला. "केळं म्हणजे काही केलेलं नाही. घरात असतंच ते. हे असं कुणी देतं का?"

"उद्याचं पहिलं गाणं मॅडमना द्यायचं नाही," बारकी म्हणाली.

मी आईकडे पाहिलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिचा चेहरा पडला होता. एकदा वाटलं, डबा उचलावा आणि आत जावं. परत कधी उंबऱ्याजवळसुद्धा बसू नये.

"अक्का, तुम्हीच सांगा," पुढारी म्हणाली. "धरायचं का?"

अक्कांनी पदर तोंडातून काढला. "मन्हाकडे नका देखा. जिनी डबा भरा, तिले इचारा."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. इतक्या जणी एकदम माझ्याकडे बघत आहेत, हे त्या गावात पहिल्यांदाच घडत होतं. शाळेत असं झालं की मी खाली बघत असे. इथे खाली केळी होती, म्हणून मी वर बघितलं.

"धुळ्याला केळं खाऊच असतो," मी म्हणाले. आवाज मलाच अनोळखी वाटला.

"धुळ्याला केळ्याला पाटावर बसवून ओवाळतात का, मॅडम?"

सगळ्या हसल्या.

"ओवाळत नाही," मी म्हणाले. "पण डोक्यावर टांगलेला घड धुळ्याच्या मुलींना दिसतो."

माना वर गेल्या. सगळ्या एकदम. घड वाऱ्याने जरासा फिरला, जणू स्वतःला नीट दाखवायला. मग बारकी फिस्कन हसली, तिच्या शेजारची हसली, आणि पुढारी तर पोट धरून गुलाबाईच्या पाटावरच कलंडायला आली.

"बठ्ठ्या आंधळ्या शेतस!" अक्का सगळ्यांवरून बोट फिरवत, डोळे पुसत म्हणाल्या. "आते खावा गुपचूप."

सगळ्यांनी खाल्लं. म्हशीवालीने दोनदा घेतलं. आई आतून वाट्या आणत राहिली.

पहिलं गाणं मला मिळालं, आणि ते मिळाल्यावर माझ्या लक्षात आलं की आता ते म्हणावं लागणार. दुसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत मी नळामागे उभी राहून गुणगुणत होते. शाळेत मराठी बोलायला बंदी होती. गुणगुणायला आहे का, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी पुढारीच्या घरी मी उभी राहिले, ताठ, हात पुढे जोडून, पाय जुळवून, आणि शाळेच्या प्रार्थनेच्या वरच्या सुरात गुलाबाईचं गाणं उचललं. दुसऱ्या ओळीला सगळ्यांनी साथ द्यायची असते. त्यांनी दिली. चौथ्या ओळीला कुणाचाच आवाज तिथे पोहोचेना. बारकीला ठसका लागला.

"अगं, खाली घे, खाली घे!" पुढारी ओरडली. "गळे फुटतील आमचे! आणि आधी खाली बस. गुलाबाईपुढे कवायत करतेस का?" तिने शेजारणीला कोपर मारलं. "सरक ना, तिला बसू दे."

मी सतरंजीवर बसले. माझा गुडघा म्हशीवालीच्या गुडघ्याला लागत होता. सूर खाली आला, गाणं पुन्हा पहिल्यापासून झालं.

मग डबा आला. तो मऊ, जडसर आवाज करत फिरू लागला. "डिंकाचे लाडू!" "रव्याचे!" "बुंदीचे!" मी इकडेतिकडे पाहिलं. दाराशी केरसुणीजवळ शेंगांच्या टरफलांचा ढीग होता, आणि पुढारीच्या आईच्या बांगड्यांना गूळ चिकटलेला होता.

"शेंगदाण्याचे लाडू," मी म्हणाले. मोठ्याने.

पुढारीने डबा हिसकावून घेतला, झाकण उघडून आपटलं आणि माझ्याकडे रागाने पाहिलं.

"तू गप्प होतीस तेच बरं होतं," ती म्हणाली, आणि सगळ्यात मोठा लाडू माझ्या हातावर ठेवला.