बौद्धवाडीची मतं

"आणि ह्या आपल्या बौद्धवाडीतल्या," यजमान म्हणाले. "तिकडची मतं ह्यांच्या हातात आहेत, साहेब."

माझ्याआधी सहा जणांची ओळख झाली होती. डॉक्टर. बँकेतले मॅनेजर. शाळेच्या प्रिन्सिपल. मी सोहारच्या अॅल्युमिनियम कारखान्यात इंजिनिअर. अकरा वर्षं. दोन तास गाडी चालवून मस्कतला आले होते. माझं काम कुणी सांगितलं नाही. माझी वाडी सांगितली.

साहेब म्हणजे आमच्या तालुक्याचे आमदार. दोनदा निवडून आलेले, तिसऱ्यांदा उभे. ओमानपर्यंत आले, कारण इथून गेलेला एक फोन गावात अख्ख्या घराची मतं फिरवतो. यजमान तालुक्यातलेच, मोठे व्यापारी. मस्कतच्या अल मवालेह भागात त्यांचा व्हिला. 'स्नेहभोजन' म्हणून बोलावलेलं. मी खुळी. वाडीला नळ नाही, त्याचं निवेदन टाइप करून नेलं.

साहेबांनी ते न वाचता पीएकडे दिलं. जेवायला मात्र मला शेजारी बसवलं. मला बरं वाटलं. लपवत नाही. बरं वाटलं.

मग पीएने मोबाइल धरला. साहेबांनी कॅमेऱ्याकडे बघत माझ्या ताटात श्रीखंड वाढलं. कुणीतरी मागून माझ्या गळ्यात निळं उपरणं टाकलं. बाकी कुणाच्याच गळ्यात काही नव्हतं. जो रंग आम्ही जयंतीला मान वर करून मिरवतो, तो इथे चिठ्ठीसारखा चिकटवला.

"आता बोला," साहेब म्हणाले. "'आमदारांनी मला शेजारी बसवून जेवू घातलं.' एवढंच. वाडीत फिरवू."

शिसारी आली. त्यांची. हसणाऱ्या यजमानांची. मघाशी सुखावलेल्या माझीसुद्धा.

मी उपरणं काढलं. नीट घडी घातली. कॅमेरा चालूच होता.

"मी इंजिनिअर आहे," मी म्हणाले. "माझं जेवण मी कमावते. दहा वर्षांत आमच्या वाडीत नळ का आला नाही, ते आता आमदार सांगतील."

पीएने मोबाइल खाली घेतला. यजमान हळू आवाजात म्हणाले, मॅडम, खलास, पुरे आता, पाहुण्यांसमोर शोभत नाही. सहाही शिकलेली माणसं आपापल्या ताटात बघत राहिली. मी उठून बाहेर पडले.

चौथ्या दिवशी आईचा फोन. आमदारांची माणसं दारात येऊन गेली होती. पोरीला समजवा म्हणाली.

"बाय, माफी माग," आई म्हणाली. "आमाला हितंच ऱ्हायचंय."

तिची भीती खोटी नाही. तरी मी नाही म्हटलं. तिने फोन ठेवला. अजून केलेला नाही.

मी रजा टाकली आहे. माझं नाव अजून गावच्या मतदारयादीत आहे. आमदारांच्या विरोधात एक निवृत्त नर्सबाई अपक्ष उभ्या आहेत. त्यांना कळवलंय, वाडीच्या बूथवर तुमची पोलिंग एजंट मी.

आमदार पुन्हा निवडून येतील. बहुतेक येतीलच. पण मतदानाच्या दिवशी उजाडताच मी बूथच्या खोलीत यादी घेऊन बसलेली असेन. मशीन सील होईपर्यंत उठणार नाही.