भलत्याच भिंतीवर चढलेला घोडा

सांगायची लाज वाटते, पण न सांगता पोटात दुखतं! तेव्हा चहा ओता आणि ऐका. मधे हसलात तर मी थांबणार नाही, एवढं ध्यानात ठेवा.

त्या काळी कापडी-बिपडी फलक नव्हते. लग्नघराच्या भिंतीवर हत्ती, घोडे, मोर आणि नवरा-नवरीची नावं रंगवायची. साक्रीकडच्या दहा गावांत ते काम माझं. शिक्षण चौथीपर्यंत, तेही मास्तर कंटाळले म्हणून. पण हात? हात सोन्याचा! फक्त तो ब्रशाकडे जायचा नाही.

भिलाआबांच्या सुमनचं लगीन ठरलं. आबांनी हिवाळ्यातच घर दाखवलं, "निंबासमोरची चुन्याची भिंत." मी हो म्हणालो आणि बसलो! निळा रंग आणायला धुळ्याला गेलो, तर जिलबी खाऊन परत. मग म्हटलं, हत्तीचा डोळा अजून मनात उतरत नाही.

एके सकाळी आबा माझ्या घरी येऊन कडाडले, "डोयाले काय चाटस रे? परवा हयद शे! भिंत कोरी राहिनी ते वऱ्हाडी काय म्हनतीन?"

वर म्हणाले, उद्यापर्यंत रंग लागला नाही, तर धुळ्याचा पेंटर आणतो. धुळ्याचा! माझं नाक कापलं जाणार होतं हो, दहा गावांत!

मग मी शपथ घेतली. इकडे-तिकडे बघितलं की बिडी, बिडी की गप्पा, गप्पा की दिवस संपला. म्हणून बसमधून उतरायचं, भिंत गाठायची, आणि मान वर करायची नाही.

त्याच दिवशी तसंच केलं. निंब दिसला, भिंत दिसली, मारला पहिला फटकारा! आणि काय सांगता, हात असा सुटला, असा सुटला, की दोन तासांत घोडा उभा!

आता घोळ बघा. नुकतीच अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झालेली. सणाला सगळ्या गल्लीनं चुना मारलेला. निंबासमोर पांढऱ्या भिंती किती? चार! मान वर केली असती तर मोजल्या नसत्या का?

आतून एक म्हातारी आली. पाणी दिलं, चहा दिला. मग विचारलं, "भाऊ, कोनं लगीन शे रे?"

मला वाटलं, सुमनची आजी थट्टा करतेय. थट्टेत मी हरणार? म्हणालो, "अक्का, लगीन तुमच्या घरी आणि विचारता मला?"

म्हातारी मटकन खाली बसली. "मना रामदासनी माले सांगं बी नही!"

मी मनात म्हटलं, वा, बाई आपल्या वरचढ निघाली!

थोड्या वेळानं गल्लीत गूळ वाटला गेला. मीही खाल्ला. बाया जमल्या, हळदीची गाणी सुरू झाली. मी तालावर 'चि.सौ.कां. सुमन' लिहून टाकलं. नवरदेवाचं नाव तेवढं राहिलं.

संध्याकाळी खाकी कपड्यात एक तरणा आला. म्हातारीचा पोरगा रामदास, एस.टी.चा कंडक्टर. बायांनी त्याला धरून पाटावर बसवला.

"मनं लगीन? कोनसंगे?"

"आमले काय इचारस?" म्हातारी डोळे पुसत म्हणाली. "भिंतवर लिखेल शे, वाच!"

त्यानं वाचलं. तिकिटांची पेटी हातातून धाडकन पडली. तेवढ्यात पाठीमागून आवाज, "आरे, हाई काय कयं रे तू?"

भिलाआबा! बस्ता बांधून धुळ्याहून परतलेले, कापडाचं गाठोडं डोक्यावर, शेजारी सुमन. पोरीचा चेहरा पांढराफटक. परवा हळद, आणि तिचं नाव समोरच्या बिनलग्नाच्या पोराच्या भिंतीवर! सासरी कळलं असतं तर? मी ब्रश खाली टाकला.

"जिंदगीमा एकदाव टाइमवर काम धरं," आबा गाठोडं आपटत म्हणाले, "ते बी दुसराना भिंतवर!"

मी चुन्याची बादली मागितली. सुमनचं नाव पुसलं. घोड्याकडे हात नेला, तर म्हातारी भिंतीला पाठ लावून उभी!

"घोडाले हात लाव ते दख! गावमा गोड वाटाई गयं. आते नवरी बी तूच लई ये."

रामदास कपाळाला हात लावून बसलेला. "माय, जाऊ दे ना वं..." पण माय कसली ऐकते?

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून आबांची भिंत रंगवली. हळदीला हत्ती तयार होता. जरा म्हशीसारखा, पण होता. सुमन सुखानं सासरी गेली.

आणि म्हातारी? दर बाजारी साक्रीत मला गाठायची. चारचौघांत ओरडायची, "मनी नवरी कुठे?" तीन बाजार लपलो. चौथ्या बाजारी विचार केला: पोरगा सरळ, नोकरी पक्की, भिंतसुद्धा रंगवलेली. दिली माझी धाकटी बहीण कमल!

आता भिंतीवर तिचं नाव लिहायचं एवढंच काम उरलं. तीन अक्षरांचं! म्हटलं, घरचंच आहे, लिहू सवडीनं. तिच्या पोराचं बारसं झालं. पोरगं शाळेत गेलं. शेवटी बाईनं स्वतःच गेरू घेतला आणि घोड्याखाली ठळक लिहिलं:

'सौ. कमल रामदास. अक्षर वाईट आहे, माफ करा. भाऊ पेंटर आहे.'