दहा मिनिटं पुढे

आमच्या घरातली चारही घड्याळं दहा मिनिटं पुढे असतात. ही शिस्त माझी. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही राहायला आलो तेव्हा ऑफिसची चार्टर्ड बस आठ वीसला सुटायची आणि तिचा ड्रायव्हर कुणाच्या बापासाठी थांबत नसे. बस बंद होऊन कैक वर्षं झाली, दहा मिनिटं मात्र राहिली. घरात सगळ्यांना ती ठाऊक असल्यामुळे प्रत्येक जण घड्याळ बघतो, मनातल्या मनात दहा वजा करतो आणि निवांत बसतो. म्हणजे उपयोग शून्य. तरी या शिस्तीचं कौतुक मी पाहुण्यांना ऐकवत आलोय (त्यांनी विचारलेलं नसतानासुद्धा).

आमची मुलगी गार्गी सिनेमात आहे. पाच वर्षं ती दुसऱ्यांच्या सेटवर राबली आणि गेल्या वर्षी तिचं नशीब उघडलं. एक परदेशी घड्याळकंपनी दर वर्षी नव्या दिग्दर्शकांना छोटी फिल्म करायला मदत करते, त्यात तिची निवड झाली. फिल्म पसंत पडली तर पुढच्या मोठ्या सिनेमामागेही कंपनी उभी राहणार होती. घड्याळवाल्यांना सिनेमाचा एवढा पुळका का, असं मी विचारलं.

"बाबा, सिनेमा म्हणजे टाइमच तर असतो यार," गार्गी म्हणाली.

मला काही कळलं नाही. मी मान डोलावली.

शूटिंग आमच्याच घरी झालं. गोष्ट साधी होती. एक सकाळ, एक डायनिंग टेबल, आई आणि लग्न मोडून घरी आलेली मुलगी. दोघी वीसेक मिनिटं बोलतात, संपलं. त्या मुलीच्या मनगटावर कंपनीचं घड्याळ असणार होतं. ते घेऊन गुरुग्रामच्या ऑफिसातून खन्ना नावाचे गृहस्थ आले. सूट, पांढरे हातमोजे आणि मांडीवर डबी. आमची स्कूटर, फ्रिज आणि मी मिळूनसुद्धा त्या घड्याळाची किंमत झाली नसती.

साडेअकराला चहाची सुट्टी झाली. माझ्या बायकोने, सुनंदाने, खन्नासाहेबांना पोह्यांसाठी आग्रह करकरून स्वयंपाकघरात नेलं. डबी फ्रिजवर उघडी राहिली. मी सहज डोकावलो, तर घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं! चावी बाहेर ओढलेली, काटे गपगार. एवढं महागडं घड्याळ आणि बंद? मला त्याची खरोखर दया आली. मी हात पुसले, काटे नीट लावले, चावी आत दाबली आणि ते झकास चालू लागलं. वेळही बरोबर लावली. बरोबर म्हणजे आमच्या घराच्या रीतीने, दहा मिनिटं पुढे. परोपकार केल्याच्या समाधानात मी दोन वाट्या पोहे खाल्ले.

आठवड्याने गार्गी एडिटिंगवरून घरी आली ती डोळे सुजवून. फिल्ममधली मुलगी दहा वाजून दहा मिनिटांनी "आई, मी परत जाणार नाही" म्हणते. आई "का?" विचारते तेव्हा बारा वाजलेले असतात. मुलगी उत्तर देते पावणेपाचला.

"बिचारीला सुचलं नसेल लवकर," सुनंदा म्हणाली.

मी संतापलो. त्या खन्नांचाच निष्काळजीपणा असणार, असं ठणकावून सांगितलं. गार्गीने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला.

"सगळ्या शॉटमध्ये एकच वेळ दिसावी म्हणून ते मुद्दाम बंद ठेवलं होतं, बाबा. कॅमेऱ्यात प्रत्येक शॉटची खरी वेळ असते. चहानंतरच्या प्रत्येक शॉटमध्ये घड्याळ बरोब्बर दहा मिनिटं पुढे आहे."

मी चहाच्या सुट्टीतली माझी करामत कबूल केली. पुन्हा शूटिंग करणं शक्य नव्हतं. तिने घड्याळ दिसणारे बहुतेक शॉट कापले आणि एकोणीस मिनिटांची फिल्म अकरा मिनिटांची झाली. त्यात फिल्ममधल्या आईचे म्हणून घेतलेल्या सुनंदाच्या पोळ्या लाटणाऱ्या हातांचा क्लोजअपही गेला. त्याबद्दल ती माझ्याशी तीन दिवस बोलली नाही. गार्गी मात्र रोज रात्री उशिरापर्यंत लॅपटॉपवर कापाकापी करत बसायची, आणि ते मला जास्त लागलं. पोरीची पाच वर्षांची मेहनत मी चहाच्या सुट्टीत पाण्यात घातली होती.

गुरुग्रामच्या एका मोठ्या हॉटेलात कंपनीने फिल्म दाखवायचं ठरवलं. त्या दिवशी सकाळी मी प्रायश्चित्त म्हणून स्टुलावर चढून चारही घड्याळं खऱ्या वेळेवर आणली. कुणाला सांगितलं नाही. पश्चात्तापाचा गाजावाजा करू नये, असं माझं मत आहे.

गार्गी दुपारीच पुढे गेली. आम्ही पाचला निघायचं होतं. हॉलमधल्या घड्याळात पाच वाजले.

"अजून दहा मिनिटं आहेत," सुनंदा कानातलं शोधत म्हणाली.

"आहेत की," मी म्हणालो आणि पेपर उघडला.

टॅक्सीत बसल्यावर ड्रायव्हरच्या मोबाइलवर पाच वाजून बारा मिनिटं दिसली आणि सकाळी खरी केलेली घड्याळं मला आठवली. सुनंदाला सांगायची हिंमत झाली नाही. मी ड्रायव्हरला "भैया, थोडा जल्दी" म्हणत राहिलो, आणि हायवेवरच्या गाड्या जागच्या जागी हॉर्न वाजवत राहिल्या.

घड्याळवाल्यांचा कार्यक्रम, तिथे सहा म्हणजे सहा. आम्ही धापा टाकत दार ढकललं तेव्हा सहा वाजून अकरा मिनिटं झाली होती. पडद्यावर शेवटची पाटी होती, 'आभार: आई आणि बाबा', आणि दिवे लागले. पण सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. गार्गी पुढे रडत-हसत उभी होती. मोठ्या सिनेमालाही पाठबळ देत असल्याचं कंपनीच्या बाईंनी तिथल्या तिथे जाहीर केलं. मीही कडकडून टाळ्या वाजवल्या, आणि डोळे पुसायला रुमाल शोधू लागलो.

गार्गी त्या बाईंना घेऊन थेट आमच्याकडे आली. बाईंनी माझा हात हातात घेऊन विचारलं, "अंकलजी, फिल्म कैसी लगी?"

गार्गी माझ्या तोंडाकडे बघत होती. खोटं बोलायचं नाही, असं मी सकाळीच स्टुलावर ठरवलं होतं.

मी म्हणालो, "मॅडम, वक्त कब निकल गया, पता ही नहीं चला."