मोळीला हात

पाचवीच्या उन्हाळ्यात मी जुन्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीनं एक खेळ आखला. आमच्या वडीगोद्रीच्या घरापासून टेकडीपर्यंत पायवाट, वाटेवर बोरं, सीताफळं, गवऱ्या आणि टेकडीवर लाकडाची मोळी. चार फोडलेले चिंचोके टाकायचे, पांढरे पडतील तितकी घरं चालायची. वाटेतला माल वेचायचा तर एक डाव थांबायचं. जास्त माल घेऊन परत येईल ती जिंकली.

रोज लाकडं आणणाऱ्या आईनं तो एकदाच पाहिला. म्हणाली, "मोळी एकटीला डोक्यावर घेता येती का? दुसरीनं हात लावल्याबिगर बिलकुल न्हाई." मग मी नियम केला: टेकडीवर दोघी पोचल्या की मगच मोळ्या उचलायच्या.

शहरातल्या मस्तगडहून मामेबहीण आली ती दुकानातला खेळ घेऊन. डबा चकचकीत, फासे खरे. माझ्या कॅलेंडराला ती हसली. मला राग आला. म्हटलं, बस, खेळून दाखव.

ती भराभर टेकडीवर पोचली आणि अडकली. मी आपली बोरं वेचत, सीताफळं तोडत हळूहळू निघाले.

"अगं, जल्दी ये ना!" ती ओरडली.

"येऊन राह्यले," मी म्हटलं, आणि अजून गवऱ्या गोळा केल्या.

ती हरली. आठवडाभर आम्ही दुसरं काही खेळलो नाही. निघायच्या दिवशी तिनं कॅलेंडराच्या बदल्यात तो चकचकीत डबा पुढे केला.

मी "न्हाई" म्हटलं. चुलीपाशी आई मान वर न करता गालात हसली. भाकरी थापायचा आवाज मात्र वाढला.